मुलांना नंतर, आधी बाईंना अंगणात न्या

ज्यांना ऐकायला जमलं नाही, किंवा लोकलच्या गर्दीत हेडफोन काढावे लागले, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे एपिसोडचं लिखित रूप. बोलताना मी शंभर वेळा ‘म्हणजे बघा’ म्हणते, ते इथे बरंचसं गाळलंय.

आजची सुरुवात माझ्या एका चुकीपासून.

मी तेव्हा एका बालवाडीत शिकवत होते. वर्गात अठ्ठावीस मुलं. त्यातला एक चार वर्षांचा मुलगा गोष्ट चालू असतानाच उठायचा आणि खिडकीशी जाऊन उभा राहायचा. सहामाहीच्या प्रगतीपत्रकात मी लिहिलं, ‘लक्ष एका जागी राहत नाही. घरी सराव घ्यावा.’ लिहायला अर्धा मिनिट लागला असेल. पुढच्या मुलाचं पत्रक घेतलं आणि विसरून गेले.

दिवाळीच्या सुट्टीत आमचं प्रशिक्षण होतं. प्रशिक्षण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं: हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर प्रोजेक्टर, दुपारी पुरी-भाजी आणि शेवटी प्रमाणपत्रासोबत फोटो. यावेळी मात्र आम्हाला गावाबाहेरच्या आमराईत बोलावलं होतं. पहिलं काम काय? एकेक जागा निवडा, वीस मिनिटं गप्प बसा. फोन पिशवीत. वहीही नाही.

खरं सांगू? पहिली पाच मिनिटं मी फक्त डास मारले आणि घरचा विचार केला. मग कधीतरी मुंगळ्यांची रांग दिसली. ते मेलेल्या टोळाचा पाय ओढून नेत होते. वाटेत एक मूळ आडवं आलं, तर काही जण वरून गेले, काही वळसा घालून. वेळ संपल्यावर ताईंनी ‘काय दिसलं’ हे विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, “कितव्या मिनिटाला बघायला लागलात?” कुणी म्हणालं आठव्या, कुणी दहाव्या. मग दुसरा प्रश्न आला, “आणि मुलांना आपण किती मिनिटं देतो?”

कुणीच काही बोललं नाही.

आता मुद्द्याचं. लहान मुलांच्या शिक्षकांचं प्रशिक्षण उघड्यावर का घ्यायचं? झाडांची नावं पाठ व्हावीत म्हणून? ती काय, फोनवरही सापडतात. माझ्या मते तीन गोष्टी अशा आहेत, ज्या हॉलमध्ये बसून शिकताच येत नाहीत.

पहिली, थांबून बघणं. वर्गात काय होणार हे बाई ठरवतात. बाहेर मात्र बेडूक कधी उडी मारेल, हे बाईंच्या हातात नसतं. त्यामुळे मूल कशाकडे बघतंय, ते आधी बघावं लागतं. प्रश्न नंतर.

दुसरी, धोका तोलणं. ‘पडशील, उतर!’ हे आपल्याला पाठ असतं. पण चिंचेची फांदी चिवट असते आणि जांभळाची ठिसूळ, हे ज्या बाईंना माहीत आहे त्या चिंचेखाली उभ्या राहून चढू देतील आणि जांभळाला नाही म्हणतील. गुंजेचं उदाहरण घ्या. लाल-काळे दाणे मोजायला किती सुंदर! पण चावून पोटात गेले तर अतिशय विषारी. कण्हेर आणि धोतराही विषारी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. हे ओळखता आलं की सरसकट भीती जाते आणि नेमकी काळजी उरते.

तिसरी, सामान शोधणं. चिंचोके, पानं, खडे, काटक्या यांतून मोजणं, जोड्या लावणं, लहान-मोठं ओळखणं, सगळं होतं. (तीन वर्षांखालच्या मुलांच्या हातात मात्र बारीक बिया देऊ नका, घशात अडकतात.)

हे सगळं परदेशातून आलेलं नवं खूळ वाटतंय का? मग थोडं डहाणूकडे चला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांच्यासोबत आल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. ताराबाई मॉन्टेसरी पद्धतीच्या जाणकार होत्या, पण ती महागडी साधनं पाड्यावर कुठून आणायची? मग खडे, शिंपले, बिया, पानं हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येत नव्हती, तर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. मोठी मुलं गुरं राखायला जायची, तर शाळा कुरणात गेली आणि तिचं नाव पडलं कुरणशाळा! कोसबाडला बालसेविकाही तयार होत होत्या. विचार करा, ज्या बाईंना कुरणात शिकवायचंय, त्यांना फळ्यासमोर बसवून तयार करून कसं चालेल?

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोचलं. नाव पोचलं, पण अंगण किती ठिकाणी पोचलं? आपापल्या गल्लीतली अंगणवाडी आठवून बघा.

दुसरं उदाहरण इंग्लंडचं. १९९३ मध्ये सॉमरसेट परगण्यातल्या ब्रिजवॉटर कॉलेजमधले बालशिक्षणाचे विद्यार्थी आणि शिक्षक डेन्मार्कला गेले. तिथली लहान मुलं दिवसातला बराच वेळ बाहेर खेळताना त्यांनी पाहिली. परत येऊन त्यांनी स्वतःकडे तसंच सुरू केलं आणि त्यातून तिकडची ‘फॉरेस्ट स्कूल’ ही चळवळ उभी राहिली. मला त्यातली एक गोष्ट फार पटते. मुलांना रानात नेणाऱ्या मुख्य व्यक्तीसाठी वेगळं प्रशिक्षण असतं: झाडाझुडपांची ओळख, हत्यारं सुरक्षित वापरणं, बाहेरचे प्रथमोपचार आणि प्रत्यक्ष मुलांसोबत घेतलेली सत्रं. एकदाच सहल काढून भागत नाही. त्याच जागी पुन्हा पुन्हा जायचं, कारण मूल दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच मोकळं होतं.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आमच्याकडे रान कुठंय? एप्रिलमध्ये ऊन बघा! बरोबर आहे. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर, पावसात आधी गवतात काठी आपटून, आणि तीस मुलं असतील तर दहा-दहाच्या गटात, सोबत मदतनीस घेऊन. जागा म्हणाल तर एक झाड पुरतं. आमच्या बालवाडीमागे एक कडुनिंब होता. मी दोन वर्षं त्याच्याखाली फक्त गाडी लावत होते.

सुट्टीनंतर मी मुलांना त्या कडुनिंबाखाली नेलं. तो खिडकीशी उभा राहणारा मुलगा मुंग्यांच्या रांगेशी उकिडवा बसला. आधी बिस्किटाचा तुकडा ठेवला. मग वाटेत खडा ठेवला. रांग वळली, तसा खडा सरकवला. पुन्हा बघत राहिला. मी घड्याळ लावलं होतं: चौदा मिनिटं. माझं लक्ष त्याआधी दोनदा उडालं होतं.

संध्याकाळी त्याच्या आईला थांबवून हे सांगितलं. ती ऐकत होती, पण चेहरा उतरत गेला. म्हणाली, “बाई, तुम्ही लिहिलं म्हणून मी त्याला रोज दोन तास पाटीसमोर बसवते. उठला की ओरडते.”

दोन तास. चार वर्षांच्या मुलाला. माझ्या अर्ध्या मिनिटाच्या वाक्यामुळे.

मी तिला प्रगतीपत्रक परत आणायला सांगितलं. आधीचं वाक्य खोडलं नाही. त्याच्याखाली लिहिलं, ‘मुंग्यांकडे चौदा मिनिटं सलग लक्ष. वरचा शेरा माझी चूक.’ आणि तारीख टाकून सही केली.

तुमच्या घरात, शेजारी कुणी अंगणवाडी सेविका किंवा बालवाडीच्या बाई असतील तर त्यांना हा एपिसोड पाठवा. त्याआधी एकदा स्वतः करून बघा. फोन खिशात, वीस मिनिटं, एक झाड. कितव्या मिनिटाला बघायला लागलात, ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!