दोन पहाटांचा धूमकेतू

१८७२ सालच्या ३० नोव्हेंबर रोजी जर्मनीतील गॉटिंगेन येथील ज्योतिर्विद क्लिंकरफ्यूस यांनी मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पॉग्सन यांस एक तार पाठविली. बीलाचा धूमकेतू २७ तारखेस पृथ्वीला स्पर्शून गेला असून नरतुरंग तारकासमूहातील थीटा ताऱ्याजवळ त्याचा शोध घ्यावा, असा तिचा आशय होता.

हा धूमकेतू सुमारे साडेसहा वर्षांनी परत येत असे. १८४६ साली त्याचे दोन तुकडे झालेले दिसले. १८५२ साली ते दोन्ही पुन्हा दिसले. त्यानंतर मात्र त्यांचा पत्ता लागला नाही. २७ नोव्हेंबरच्या रात्री, पृथ्वी त्या धूमकेतूचा जुना मार्ग ओलांडीत असता, युरोपात विलक्षण उल्कावर्षाव झाला. तेव्हा हरवलेला धूमकेतू पृथ्वीजवळून जाऊन आता दक्षिण आकाशात दूर जात असावा, असे अनुमान क्लिंकरफ्यूस यांनी बांधले. जर्मनीतून तो भाग नीट दिसत नव्हता; मद्रासहून दिसण्याजोगा होता.

मद्रासचे आकाश त्या वेळी ढगाळ होते. तरीही डिसेंबरच्या आरंभी लागोपाठ दोन पहाटे ढग जरासे फाकले, आणि सांगितलेल्या जागेजवळ पॉग्सन यांना खरोखरच एक धूमकेतू आढळला. पुन्हा ढग दाटले व तो कायमचा दृष्टिआड झाला. भाकीत वर्तविले, शोध घेतला, वस्तू सापडली. यापेक्षा अधिक पुरावा तो कोणता, असेच कोणालाही वाटावे.

परंतु गणिताने ते मान्य केले नाही. सूर्याभोवती फिरणाऱ्या वस्तूची कक्षा निश्चित करण्यास सहा राशी लागतात. एका वेधातून आकाशातील स्थानाचे दोनच आकडे मिळतात. म्हणून किमान तीन वेध हवेत. पॉग्सन यांच्याजवळ दोनच होते. शिवाय बीलाच्या ज्ञात मार्गाशी ते स्थान जुळेना. उल्का बीलाच्या अवशेषांच्या होत्या, एवढे खरे ठरले. दिसलेला धूमकेतू बीलाचा होता, हे ठरले नाही. ज्यांची कक्षा काढता आली नाही अशा धूमकेतूंच्या वर्गात तो आजही नोंदलेला आहे. पॉग्सन यांच्या निरीक्षणास याने उणेपणा येत नाही. त्यांनी पाहिले ते खरेच होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र पुराव्याच्या पुढे धावला होता.

आजच्या विज्ञानवार्ता ऐकतानाही हाच भेद ध्यानी घ्यावा लागतो. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतील दुर्बिणीने एक लघुग्रह शोधला. त्याचे नाव २०२४ वायआर ४. तो २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता प्रथम एका टक्क्याच्या आसपास सांगितली गेली. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी ती ३.१ टक्क्यांवर गेली. संभाव्य पट्ट्यात दक्षिण आशियाही असल्याने आपल्याकडेही काळजी पसरली. मग थोड्याच दिवसांत ती शक्यता जवळजवळ शून्यावर आली. शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरे, अशी टीका अशा वेळी हटकून होते.

वस्तुतः येथे कोणी शब्द फिरविला नव्हता. पंचक्रोशीत बैल हरवला आणि शोध घेता घेता तो तीन गावांपैकी एकात असणार असे ठरले, तर त्या प्रत्येक गावी तो सापडण्याची शक्यता पूर्वीपेक्षा वाढते. तो एका गावी सापडताच उरलेल्या दोन गावांची शक्यता शून्य होते. लघुग्रहाचेही तसेच घडले. वेध वाढले तसा त्याच्या संभाव्य मार्गांचा पट्टा अरुंद झाला. पृथ्वी त्या पट्ट्यात होती तोवर आकडा चढला. ती बाहेर पडताच तो कोसळला. टक्केवारी संकटाइतकीच आपल्या अपुऱ्या माहितीचेही माप होती.

मद्रासची वेधशाळा १८९९ साली कोडाइकनालला गेली. नुंगंबाक्कम येथील हवामान केंद्राच्या आवारात १७९२ सालचा तिचा ग्रॅनाइटचा खांब अद्याप उभा आहे. आकाशातील असो वा औषधांविषयीची असो, विज्ञानाची कोणतीही नवी बातमी कानी आली म्हणजे दोन प्रश्न विचारावेत. प्रत्यक्ष पाहिले गेले ते काय, आणि त्यावरून अनुमान केले ते काय? हे अनुमान किती वेधांवर उभे आहे? उत्तर दोन पहाटांइतकेच असेल, तर तिसऱ्या पहाटेची वाट पाहणे हेच शहाणपणाचे होय.