नवजात वासराचा सुजलेला सांधा : तेलाआधी नाळ पाहावी

शालिहोत्रांनी अश्वांची व पालकाप्य मुनींनी गजांची चिकित्सा स्वतंत्र ग्रंथांतून मांडली. पशुचिकित्सा हे आपल्या परंपरेचे जुने अंग आहे. ग्रामीण भागातील वैद्याकडे व औषधी दुकानात माणसांच्या तक्रारींबरोबर जनावरांची विचारणाही येते, ती या विश्वासापोटीच. आमच्या उमरी परिसरात वर्षातून अनेकदा ऐकू येणारे वाक्य असे : "डॉक्टरसाहेब, वासरू पाय टेकवंना, एखांदं तेल द्या."

व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत असेच एक शेतकरी माझ्याकडे आले. लालकंधारी गाईचा बारा दिवसांचा गोऱ्हा, पुढचे दोन्ही गुडघे सुजलेले. मी वातव्याधी समजून महानारायण तेल दिले, चोळून शेकण्यास सांगितले. चौथ्या दिवशी गोऱ्हा उठेनासा झाला, तेव्हा पशुवैद्यकांना बोलावले. त्यांनी गुडघ्याला हातही न लावता प्रथम पोटाखालचे केस बाजूला करून नाळ दाबली. पू बाहेर आला. उपचारांनी गोऱ्हा वाचला, परंतु उजवा गुडघा कायमचा आखडला. माळेगावच्या यात्रेत जोडीने उभा करण्यासाठी जपलेला तो गोऱ्हा पुढे कधी जुवाखाली आला नाही. दोष तेलाचा नव्हता. मी प्रश्न विचारले नाहीत, हा दोष माझा होता. हा लेख त्याच प्रश्नांविषयी आहे.

हेतू व संप्राप्ती

नवजात वासराच्या सांधेसुजीचे प्रमुख कारण सांध्यात नसते. जन्मानंतर ओली असलेली नाळ हे जंतूंना मोकळे द्वार असते. शेण-मूत्राने ओल्या जागेत वासरू बसले की जंतू नाळेतून रक्तात व तेथून सांध्यांत पोहोचतात. पुढचे गुडघे व मागच्या पायाचे मोठे सांधे विशेषतः ग्रासले जातात. बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच हा विकार दिसतो.

दुसरे कारण चिकाचे. गाईच्या गर्भास वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती सर्व चिकातून मिळतात आणि ती शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची क्षमता तासागणिक घटत जाऊन सुमारे २४ तासांत संपते. आपल्याकडे मात्र 'वार पडल्याशिवाय चीक काढू नये' अशी समजूत अनेक घरांत आहे. वार पडण्यास कधी आठ-दहा तास लागतात. तोवर वासरू उपाशी राहते आणि नंतरच्या चिकाचा बराचसा भाग खरवसाकडे जातो. सांध्याच्या रोगाचे बीज येथे पेरले जाते.

व्यवच्छेदक निदान

लंगडणारे प्रत्येक वासरू एकाच रोगाचे नसते. पुढील चार अवस्था वेगळ्या ओळखाव्यात.

१. संसर्गजन्य संधिशोथ : सांधा उष्ण, ताणलेला व स्पर्शासह्य नसतो. वासरू सुस्त होते, दूध कमी पिते. ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर जातो (निरोगी वासराचे तापमान सुमारे १०१ ते १०३ अंश असते). नाळ जाड, ओली किंवा दुर्गंधित असते. मात्र वरून कोरडी दिसणारी नाळ आतून दूषित असू शकते.

२. जन्मजात कंडरासंकोच : जन्मतःच खूर आत वळलेला असतो व वासरू सांध्याच्या पुढच्या बाजूवर टेकते. ताप नाही, सूज नाही, भूक उत्तम.

३. अस्थिभंग : अडलेल्या गाईची सोडवणूक करताना दोर लावून पाय ओढला गेला असल्यास ही शंका घ्यावी. वासरू त्या पायावर मुळीच भार देत नाही.

४. फऱ्या अथवा एकटांग्या : हा नवजाताचा रोग नव्हे. साधारण सहा महिने ते दोन वर्षांच्या धष्टपुष्ट जनावरास, बहुधा पावसाळ्यात होतो. तीव्र ताप, मांडी किंवा खांद्यावर सूज, दाबल्यास चरचर असा आवाज. एक-दोन दिवसांत मृत्यू येऊ शकतो. येथे क्षणाचाही विलंब नको. पावसाळ्यापूर्वीची लस हाच खरा उपाय.

याखेरीज महाराष्ट्रात पसरलेल्या लम्पी चर्मरोगातही पायावर सूज येते व जनावर लंगडते. अंगावरील गाठी अवश्य पाहाव्यात.

चिकित्सेविषयी विचार

पहिल्या अवस्थेचे आमवाताशी लक्षणसाम्य दिसते. साम अवस्थेत स्नेहन वर्ज्य, हे आपण जाणतोच. परंतु वासराचा हा विकार आमवातही नव्हे. तो पाकाकडे निघालेला, विद्रधीसारखा शोथ आहे. सांधा चोळू नये, शेकू नये, टोचू नये. आमवातातील लंघनही येथे लावू नये. दूध तोडलेले वासरू झपाट्याने खचते. योग्य प्रतिजैविके व प्रसंगी सांधा धुणे हे पशुवैद्यकाचे काम आहे आणि ते पहिल्या एक-दोन दिवसांत झाले तरच सांध्यातील कूर्चा वाचते. आपण दिलेले तेल अपाय करो वा न करो, ते हे दोन दिवस मात्र निश्चित खाते.

कंडरासंकोचात मात्र आपले शास्त्र उपयोगी पडते. सौम्य विकृतीत कोमट तिळतेलाने हलका अभ्यंग, दिवसातून तीन-चार वेळा पाय हळुवार सरळ करणे व टणक, न घसरणाऱ्या जमिनीवर थोडे चालविणे, यांनी बहुधा काही दिवसांत पाय सुटतो. मध्यम विकृतीत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली कुशाबंधन करावे. सुश्रुतांनी कुशेसाठी वंश, उदुंबर, अश्वत्थ आदींचा उल्लेख केला आहे. कापसाची जाड गादी देऊन बांबूच्या कांबी आजही चालतात. बंध सोडण्यासाठी त्यांनी ऋतुमानाप्रमाणे सात, पाच व तीन दिवसांचे अंतर सांगितले आहे. वासराची त्वचा नाजूक व वाढ जलद असल्याने बंध रोज सोडून त्वचा तपासावी.

शुश्रूषा सर्व अवस्थांत समान : कोरडा कडबा किंवा भुसा अंथरावा, न उठणाऱ्या वासराची कूस दर दोन-तीन तासांनी पालटावी, धरून उभे करून दूध पाजावे.

औषधी दुकानदारांसाठी

कायद्याने पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकास आहे (भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४). त्याच्या चिठ्ठीविना जनावरासाठी वेदनाशामक देऊ नये. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक २००६ मध्ये, तर केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक २०२३ मध्ये बंद झाले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवरही बंदी आली. उपचारित जनावराचे मृत शरीर खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे त्यामागील कारण. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जात, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलीपुरती मर्यादित करण्यात आली. वेदनाशमन हवेच असेल तर मेलोक्सिकॅमसारखा गिधाडांस निर्धोक पर्याय पशुवैद्यकास उपलब्ध आहे.

प्रतिबंध

गाय गाभण असतानाच पशुपालकास तीन गोष्टी सांगाव्यात. पहिली, जन्मल्यावर स्वच्छ हातांनी, उकळलेल्या दोऱ्याने नाळ पोटापासून सुमारे दोन इंचांवर बांधून नव्या पात्याने कापावी व टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. नाळ सुकेपर्यंत रोज दोनदा हे करावे. राख, शेण लावू नये. दुसरी, वारेची वाट न पाहता पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजावा. पहिल्या दिवसाचे एकूण प्रमाण वजनाच्या दशांश, म्हणजे २० किलोच्या वासरास सुमारे २ लिटर, विभागून. तिसरी, जागा कोरडी असावी.

आजही माझ्याकडे कोणी वासरासाठी तेल मागण्यास आले, तर मी आधी वय, ताप, नाळ आणि पहिला चीक केव्हा पाजला, हे चार प्रश्न विचारतो. उत्तरांत शंका आली, की तेलाची बाटली फडताळातच राहते आणि शासनाच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा १९६२ हा क्रमांक कागदावर लिहून देतो. त्या दिवशी विक्री होत नाही, हे खरे. परंतु लालकंधारी व देवणी या आपल्या मातीतील जातींचा एक गोऱ्हा चार पायांवर उभा राहतो, आणि त्याचा धनी पुढच्या खेपेस गाय विण्याआधीच आयोडीन न्यायला येतो.