वर्गातल्या नव्या मुलाच्या भाषेला हसू नका

दिवाळीच्या आगेमागे सांगली-सातारा भागातील साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात. त्यांतली काही मुले वर्षाच्या मध्येच गावच्या शाळेत येऊन बसतात. कोणी बीडकडची मराठी बोलतो, तर लमाण तांड्यावरचा मुलगा घरी गोरमाटी बोलतो. कुठे हिंदी बोलणाऱ्या कामगाराची मुलगी असते, कुठे जतकडचा कन्नड बोलणारा मुलगा.

आपली मुले त्यांचे स्वागत कसे करतात? नक्कल करून! कन्नड ऐकले की 'यंडुगुंडू' म्हणून हसायचे, हिंदी बोलणाऱ्याला 'भय्या' म्हणून चिडवायचे. मग ते मूल तोंडच उघडत नाही. गप्प मुलाला काही येत नाही, असा शिक्षकांचाही समज होतो. असे मूल शाळेला कंटाळते आणि त्याच्या हाती आई-बापाचाच कोयता येतो.

आई-वडिलांनो, हे हसणे आपल्याला नवे आहे काय? आपल्या वाडवडिलांच्या बोलीला 'अशुद्ध' म्हणून हसणारे काय थोडे होते? खुद्द बाबासाहेब साताऱ्याला बाहेरूनच आलेले. जन्म महूचा, मूळ गाव कोकणातले आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. तेथे त्यांना वेगळे बसावे लागे. शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळे. पुढे मुंबईला संस्कृत शिकायचे होते, तर फारसी घ्यावी लागली. भाषेवरून माणसाला दूर कसे ठेवतात, हे त्यांनी स्वतः भोगले.

भगवान बुद्धांची शिकवण याच्या उलट आहे. दोन भिक्खूंनी बुद्धवचने छांदस भाषेत बांधण्याची परवानगी मागितली. बुद्धांनी ती नाकारली आणि धम्म आपापल्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ही हकीकत आहे. आपल्या संविधानाचे कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी, असे सांगते. जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत.

आणखी एक गोष्ट. विटा, आटपाडी, खानापूरकडची किती तरी कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाई कामासाठी तामिळनाडू, केरळपर्यंत गेली आहेत. त्यांची मुले तेथल्या वर्गात परकीच असतात. तेथे आपल्या मराठीला कोणी हसले, तर आपल्याला कसे वाटेल?

२०१७ पासून ७ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ऊसतोडीची मुले येतात तीही याच सुमारास. त्या दिवशी आपल्या मुलाला एवढेच सांगा : नव्या मुलाशेजारी बस, आपल्या बाटलीतले पाणी त्याला दे आणि तुमच्याकडे पाण्याला काय म्हणतात ते विचार. कन्नड मूल 'नीरु' म्हणेल. तो शब्द घरी येऊन आईला सांगायला लावा. ज्या साताऱ्यात लहान भीमराव पाण्यासाठी ताटकळला, त्या मुलुखातल्या आपल्या लेकरांनी एवढे तरी करायलाच हवे.

जय भीम!