दोन मीटरचा डीएनए पेशीत मावतो कसा? संगणक काय सांगतो, वाचा सविस्तर

बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूरच्या शिवारातले सोयाबीन, गोठ्यातली गाय आणि तिला चारा घालणारा शेतकरी. तिघांच्याही पेशींत डीएनए गुंडाळण्याची पद्धत एकच. ही गुंडाळी किती घट्ट बसते, यावर कोणते जनुक काम करणार आणि कोणते गप्प राहणार, हे बऱ्याच अंशी ठरते. कर्करोगाच्या औषधांपर्यंत पोहोचणारे हे कोडे शास्त्रज्ञ संगणकावरही सोडवत आहेत.

गुंडाळी असते कशी?
माणसाच्या एका पेशीत सुमारे २ मीटर डीएनए असतो. तो ८ हिस्टोन प्रथिनांच्या रिळाभोवती सुमारे १.६५ वेढे घेतो. या रिळाला न्यूक्लिओसोम म्हणतात. एका पेशीत अशी जवळपास ३ कोटी रिळे असतात. ही रचना फार जुनी आहे. गाय आणि वाटाणा यांच्या एच४ हिस्टोनमधील १०२ घटकांपैकी फक्त २ वेगळे आहेत.

रिळे चिकटतात कशी?
हिस्टोनच्या शेपट्यांवर धन भार असतो. एच४ची शेपटी शेजारच्या रिळावरील ऋण भाराच्या जागी अडकते. शेपटीवर ॲसिटिल गट बसला, की भार घटतो, पकड सैल होते आणि जनुक वाचले जाणे सोपे होते. कर्करोगात हा समतोल बिघडू शकतो. अमेरिकेत २००६ मध्ये त्वचेच्या एका लिम्फोमावर मंजूर झालेले व्होरिनोस्टॅट हे औषध ॲसिटिल गट काढून टाकणाऱ्या एन्झाइमला रोखते.

संगणक कशासाठी?
रिळाची अणूंपर्यंतची तपशीलवार रचना १९९७ मध्ये क्ष-किरणांच्या मदतीने समजली. पण ते स्थिर चित्र होते. हालचाल पाहण्यासाठी सिम्युलेशन लागते. प्रत्येक अणूवरचे बल मोजायचे, अणू किंचित सरकवायचा, पुन्हा मोजायचे. एक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचे, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग पाहायलाही ५० कोटी पावले! म्हणून अनेक रिळे एकत्र पाहताना अणूंच्या गटाला एकच मणी मानतात. बारकावे सुटतात, पण लांब साखळी दिसते.

महाराष्ट्र कुठे?
आयआयटी मुंबईतील संशोधक या विषयावर गणिती मॉडेल आणि सिम्युलेशन करतात. अशा कामाला लागणाऱ्या महासंगणकांची देशातील सुरुवातही इथलीच. अमडापूरच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार केला.

मर्यादा काय?
संगणकाचे उत्तर हा अंदाज असतो. तो प्रयोगशाळेत ताडून पाहिल्याशिवाय औषधाची वाट खुली होत नाही. मात्र कोणता प्रयोग आधी करावा, हे त्यातून कळते.