काकतालीय न्याय आणि मानसोपचार

कावळा ताडावर बसावा आणि त्याच क्षणी फळ गळून पडावे, एवढ्यावरून ते फळ कावळ्याने पाडले असे ठरत नाही. यालाच आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. चिंतेने ग्रासलेला मनुष्य दोन वर्षे मानसोपचार घेतो आणि त्याची भीती नाहीशी होते, तेव्हाही असाच प्रश्न उपस्थित होतो. स्वास्थ्य उपचाराने परतले, की केवळ उपचारानंतर?

लंडनमधील मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी १९५२ मध्ये हा प्रश्न उघडपणे विचारला. सात हजारांहून अधिक मज्जाविकृत रुग्णांचे प्रसिद्ध वृत्तांत त्यांनी तपासले. मनोविश्लेषण घेतलेल्यांपैकी शेकडा ४४, तर मिश्र पद्धतींनी उपचार झालेल्यांपैकी शेकडा ६४ सुधारले होते. उलट, अमेरिकेतील एका विमा कंपनीच्या ज्या ५०० दावेदारांना सामान्य डॉक्टरांची शामक औषधे आणि धीराचे शब्द यांपलीकडे फारसे काही लाभले नव्हते, त्यांपैकी शेकडा ७२ दोन वर्षांत सावरले होते!

ही तुलना सदोष होती. दोन्हीकडचे रुग्ण सारखे नव्हते. 'बरा' या शब्दाचा अर्थ वृत्तांतागणिक बदलत होता. शिवाय मनोविश्लेषण अर्धवट सोडणारे अपयशातच मोजले गेले होते. तथापि या दोषांमुळे मूळ प्रश्न निकालात निघाला नाही.

नैयायिकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, कार्यकारणभावास अन्वयाबरोबर व्यतिरेकही हवा. उपचार असता सुधारणा होते, एवढे दाखवून भागत नाही. उपचार नसता ती होत नाही, निदान तितकी होत नाही, हेही दाखवावे लागते. एकाच माणसाला एकाच वेळी उपचार द्यावा आणि देऊही नये, हे तर अशक्य. म्हणून रुग्णांचे दोन गट करावयाचे आणि कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे. उपचारकाची नजर कितीही सहृदय असली, तरी निवड तिच्यावर सोपविता येत नाही. बरे होण्याजोगे रुग्ण ती नकळत आपल्याकडे ओढते. मेरी स्मिथ आणि जीन ग्लास यांनी १९७७ मध्ये ३७५ तुलनात्मक अभ्यास एकत्र केले, तेव्हा उपचार घेतलेला सरासरी रुग्ण हा न घेतलेल्यांपैकी शेकडा ७५ जणांहून सुस्थितीत आढळला.

सरासरी म्हणजे मात्र समोर बसलेला रुग्ण नव्हे. म्हणूनच अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २००५ च्या धोरणात संशोधनाचा पुरावा, उपचारकाचे कौशल्य आणि रुग्णाचा स्वभाव, संस्कृती व इच्छा यांचा मेळ घालावा असे म्हटले आहे. हा मेळ दिसतो तितका सोपा नाही. पतिवियोगाने खचलेल्या एखाद्या स्त्रीला झोप परत हवी असते, पण शोक ओसरावयास नको असतो. तिच्या बाबतीत 'बरे होणे' कशाला म्हणावयाचे, हे गटांची तुलना सांगत नाही. ते तिलाच विचारावे लागते.