आल्याची घरगुती बीअर आणि बाटलींतील वायु

आलें पिकविणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास आल्याचे तीन उपयोग पाठ असतात: स्वयंपाक, सुंठ व आलेपाक. चौथा उपयोग इंग्लंडांत अठराव्या शतकापासून चालत आला आहे, तो म्हणजे आल्याची बीअर. ‘जिंजर बीअर’ या नांवानें दुकानांत जें गोड पेय मिळतें त्यांत बहुधा वायु बाहेरून भरलेला असतो व मद्यार्क नसतो. मूळची घरगुती बीअर मात्र साखर आंबवून केलेली व सौम्य मादक अशीच होती. तिची कृति सोपी आहे असें सर्वजण म्हणतात, आणि तें खरेंही आहे. परंतु नवशिक्याच्या घरीं जी बाटली फुटते ती बहुधा या सोपेपणाच्या भरंवशावरच फुटते; म्हणून प्रस्तुत लेखांत पातेल्यापेक्षां बाटलीविषयीं अधिक लिहिलें आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. इंग्लंडांत घरापुरती बीअर करण्यास १९६३ सालापासून परवाना लागत नाहीं. विकावयाची असल्यास मात्र लागतो. महाराष्ट्रांत तशी मोकळीक नाहीं. येथें १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा लागू आहे, व त्यांतील मद्याच्या व्याख्येंत मद्यार्क असलेले सर्व द्रव येतात. असें पेय परवान्यावांचून तयार करणें हा गुन्हा आहे, मग पिणारे घरचेच कां असेनात. तेव्हां पुढील कृति तेथील घरांतली समजावी. ज्यांचीं मुलें किंवा भाऊबंद त्या देशांत राहतात त्यांस ती प्रत्यक्ष उपयोगी पडेल. इतरांनीं आपल्या पिकाचें अन्यत्र काय होतें हें जाणण्यापुरती वाचावी.

जुन्या इंग्रज घरांत ही बीअर विरजणासारख्या एका पदार्थावर होत असे. भिजलेल्या साबुदाण्यासारखे त्याचे पांढुरके, अर्धपारदर्शक दाणे असत. साखरपाण्यांत ते वाढत, व वाढलेले दाणे शेजाऱ्यापाजाऱ्यांस वाटले जात. त्यास ते लोक ‘आल्याच्या बीअरचें रोप’ म्हणत, परंतु तें रोप नव्हे. हें कोडें हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञानें सोडविलें. हे गृहस्थ आपणांस अगदींच परके नव्हेत. सिलोनांतील कॉफीचे मळे बुडविणाऱ्या तांबेऱ्याचा त्यांनीं १८८० ते १८८२ या काळांत तेथें राहून अभ्यास केला होता, व पुढें कूपर्स हिल येथील ज्या विद्यालयांत हिंदुस्थानच्या जंगलखात्याचे अधिकारी शिकत तेथें ते अध्यापक होते. १८९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनीं दाखविलें कीं, त्या दाण्यांत मुख्यतः दोन जीव एकत्र नांदतात, एक यीस्ट व दुसरा एक जंतु. जंतूच्या भोंवतीं जो चिकट थर वाढतो त्यांतच यीस्ट अडकून राहतें. पिकाच्या रोगाचा शोध घेणाऱ्या डोळ्यांनींच स्वयंपाकघरांतील बरणी पाहिली, याचें मला नेहमीं कौतुक वाटतें.

हल्लीं नवशिके बाजारांतील बीअरचें कोरडें यीस्ट घेतात, व तेंच बरें. पांच लिटर बीअरसाठीं पाव किलो ताजें आलें स्वच्छ धुवून किसावें अगर ठेंचावें व दोन लिटर पाण्यांत वीस मिनिटें मंद उकळावें. सुंठ घेतल्यास पुष्कळच कमी पुरते. आलें वाळतांना त्यांतील तिखट द्रव्याचें त्याहून तिखट अशा द्रव्यांत रूपांतर होतें. म्हणून सुंठेची बीअर घसा धरते, व ताज्या आल्याचा लिंबासारखा वास तींत येत नाहीं. भांडें स्टीलचें असावें. बिनकल्हईचें तांब्यापितळेचें भांडें आंबट पदार्थास चालत नाहीं हें आपल्या घरांत सांगावयास नको. त्या काढ्यांत अर्धा किलो साखर विरघळवून दोन लिंबांचा रस घालावा, गाळून घ्यावें, व उकळून निवविलेलें पाणी घालून पांच लिटर भरावें. पाणी अंगास कोमटही लागेनासें झालें, म्हणजे सुमारें वीस अंशांवर आलें, कीं यीस्ट घालावें. साखर व आलें यांत यीस्टच्या वाढीस लागणारें नत्र फारच थोडें असतें. पिकास खत तसें यीस्टसाठीं विकत मिळणारें पोषक द्रव्य चिमूटभर घातलें नाहीं तर काम मध्येंच अडतें. भांड्याचें तोंड घट्ट बंद करूं नये. वायु बाहेर जाईल पण हवा आंत येणार नाहीं अशी नळी झांकणास बसवावी. सर्व साहित्य निर्जंतुक करून घ्यावें हें ओघानेंच आलें.

एक-दोन दिवसांत फसफस सुरू होते, व आठदहा दिवसांत ती मंदावते. येथेंच घात होतो. फसफस थांबली म्हणजे साखर संपली असें नव्हे. थंडीनें किंवा पोषणाच्या अभावीं यीस्ट नुसतें स्वस्थ बसलेलें असूं शकतें. खरी परीक्षा हायड्रोमीटरची. दूधवाल्याची लबाडी पकडणाऱ्या लॅक्टोमीटरचाच हा भाऊ. आरंभीं तो १.०३८ च्या आसपास दाखवील. साखर संपतां संपतां १.००० अगर किंचित् खालीं उतरेल. दोनतीन दिवस ओळीनें तोच आंकडा आला म्हणजेच बाटल्या काढाव्या. अशा बीअरमध्यें साडेपांच ते सहा टक्के मद्यार्क असतो, कारण लिटरमागें सुमारें १७ ग्रॅम साखरेचा एक टक्का होतो.

आतां वायूचा हिशेब. एका लिटरांत ४ ग्रॅम साखर आंबली कीं सुमारें एक लिटर कर्बवायु होतो. पूर्ण आंबलेल्या बीअरमध्यें थोडा वायु आधींच मुरलेला असतो; बाटली भरतांना लिटरमागें ६ ग्रॅम साखर घातली तर एकंदर वायु द्रवाच्या सव्वादोन ते अडीच पट होतो, आणि बीअरची चांगली बाटली तो सहज सोसते. फ्रान्सांतील शँपेनच्या बाटलींत लिटरमागें सुमारें २४ ग्रॅम साखर घालतात व दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो, परंतु ती बाटली मुद्दाम जाड व जड केलेली असते. नवशिक्यानें घाई करून लिटरमागें ३० ग्रॅम साखर शिल्लक असतांच बाटली बंद केली, तर शँपेनहून अधिक दाब तो साध्या कांचेंत कोंडतो. फुटलेल्या बाटलीच्या कांचा खोलीभर उडतात. डोळा जातो तो असाच. सोडावॉटरच्या कारखान्यांत वायु मोजून भरतात. येथें भरणारा यीस्टच, व त्यास पुरे म्हणणारी एकच गोष्ट म्हणजे साखरेचा अंत.

मग गोडी कशी राखावी, असा प्रश्न सर्वांनाच पडतो, कारण पूर्ण आंबलेली बीअर कोरडी लागते. गोड असतांनाच बाटली भरून थंड कपाटांत ठेवण्याची युक्ति पुष्कळजण सांगतात. थंडीनें यीस्ट मरत नाहीं, निजतें. वीज गेली किंवा बाटली बाहेर राहिली कीं तें पुन्हां उठतें. बंद बाटल्या गरम पाण्यांत ठेवून यीस्ट मारणें तर माझ्या मतें घरांत करूंच नये, कारण उष्णतेनें दाब वाढतो तो हातांत बाटली असतांनाच. ज्यांस गोडी हवी त्यांनीं यीस्टला न आंबवतां येणारी दुग्धशर्करा घालावी, अगर पेल्यांत ओततांना साखरेचा पाक मिसळावा.

पहिल्या खेपेस कांच नकोच. सोडावॉटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या घ्याव्या, वर दोन बोटें जागा सोडावी, व रोज दाबून पाहावें. दगडासारखी कठीण झाली कीं बाटली थंड करून जपून झांकण सैल करावें. आठवडाभर घरांतील उबेंत ठेवून मग थंडींत ठेवाव्या. उघडावयाच्या आदल्या दिवशीं उभ्या ठेवल्या म्हणजे गाळ तळाशीं बसतो; एका दमांत ओतून शेवटचा बोटभर भाग बाटलींतच राहूं द्यावा. आंबविण्याच्या भांड्याच्या तळाचें यीस्ट मात्र फेंकूं नये. स्वच्छ बरणींत थंड जागीं ठेवल्यास आठदहा दिवसांत पुढील खेपेस तें चालतें.