कुरवांची ओळख आणि भ्रमणध्वनी

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात हिवाळ्यात कुरवांचे थवे येतात. त्यांपैकी तपकिरी डोक्याचा व काळ्या डोक्याचा या दोन जातींच्या डोक्यावरील गडद रंग त्या ऋतूत नाहीसा होत असल्यामुळे त्यांतील भेद सहज कळत नाही. अमेरिकेतील कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचे, २०१४ साली प्रसिद्ध झालेले ‘मर्लिन’ हे अ‍ॅप छायाचित्र, स्थळ व दिनांक यांवरून संभाव्य नावे सुचविते. स्थळकाळाची ही संभाव्यता निरीक्षकांनी ‘ईबर्ड’वर केलेल्या नोंदींवर आधारलेली असते. म्हणून सुचविलेले नाव न पडताळता नोंदविल्यास तीच चूक पुढील सूचनांत उतरण्याचा संभव असतो. प्रौढ पक्ष्याच्या पंखाच्या काळ्या टोकावर पांढरे ठिपके असून डोळा फिकट असल्यास तो तपकिरी डोक्याचा कुरव समजावा. अ‍ॅप केवळ सुचविते. निर्णय निरीक्षकाचाच होय.